मीठ, चुना, नवसागर आणि आयनिक बंध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयनिक बंध हा विषय आठवीच्या आसपास भेटतो आणि विज्ञान शाखा घेतली तर बारावीपर्यंत पाठ सोडत नाही. वर्गात, शिकवणीत आणि पालकसभा संपल्यावर चहा घेता घेता मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं शक्यतो किराणा दुकानातली आहेत आणि सगळ्यात जास्त वेळा मीठच येणार आहे. मिठाचा एक खडा नीट समजला तर या धड्यातलं पाठांतर निम्म्यावर येतं, असा माझा अनुभव आहे.

सोडिअम पाण्यात टाकला की पेटतो, क्लोरीन विषारी आहे. मग मीठ खाऊन आपल्याला काही होत कसं नाही?

कारण मिठात सोडिअम धातूही नसतो आणि क्लोरीन वायूही नसतो. असतात ते सोडिअमचे आयन आणि क्लोराइडचे आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले किंवा मिळवलेले, प्रभार असलेले अणू. अणू आणि आयन यांच्यात फरक एकाच इलेक्ट्रॉनचा, पण सगळा स्वभाव तेवढ्यावर ठरतो.

सोडिअमच्या अणूत ११ प्रोटॉन आणि ११ इलेक्ट्रॉन असतात. कवचांत त्यांची मांडणी २, ८, १. पाण्याशी त्याचं जे भांडण होतं ते या शेवटच्या एका इलेक्ट्रॉनवरून. मिठात तो आधीच गेलेला असतो. राहतात ११ प्रोटॉन, १० इलेक्ट्रॉन आणि २, ८ ही शांत मांडणी. म्हणूनच सोडिअम धातू प्रयोगशाळेत रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो आणि मीठ मात्र आमटीत खुशाल टाकता येतं.

क्लोरीनची गोष्ट उलट. त्याची मांडणी २, ८, ७. कुठूनही इलेक्ट्रॉन ओढून घ्यायची त्याची तयारी असते आणि फुफ्फुसांचा ओलसर पडदाही त्यातून सुटत नाही. १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्याने हा वायू शत्रूच्या खंदकांवर सोडला होता. क्लोराइडला तो इलेक्ट्रॉन मिळालेला असतो, त्यामुळे त्याची हाव संपलेली असते. आपल्या रक्तात आणि घामात दोन्ही आयन सतत असतात.

आयनिक बंध म्हणजे इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण, बरोबर?

अर्धंच बरोबर. एक तर ती देवाणघेवाण नाही. एक देतो आणि दुसरा घेतो, परत काहीच येत नाही. दुसरं म्हणजे इलेक्ट्रॉन गेला म्हणजे बंध झाला असं नाही. इलेक्ट्रॉन गेल्यामुळे एकावर धनप्रभार येतो, दुसऱ्यावर ऋणप्रभार येतो, आणि या विरुद्ध प्रभारांमधलं आकर्षण म्हणजे बंध. इलेक्ट्रॉनचं स्थलांतर ही बंधाची पूर्वतयारी.

हा फरक शब्दच्छल वाटेल. पण पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं याच फरकात दडलेली आहेत.

सोडिअमला अष्टक (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करायचं असतं म्हणून तो इलेक्ट्रॉन आनंदाने देतो ना?

हे मीही वर्षानुवर्षं शिकवलं. एकदा तर 'दानशूर सोडिअम' अशी नाटुकली बसवली होती. त्यात सोडिअम झालेल्या मुलाने तालमीत विचारलं, "सर, म्हणजे हा कर्णच की! कर्णाने कवच दिलं, सोडिअमपण कवच देतो." मुलं हसली, पण मला ती उपमा फारच आवडली. एकुलता एक इलेक्ट्रॉन गेला की सोडिअमचं तिसरं कवच खरोखरच रिकामं होतं. आणि कर्णाने ते कवच काही सहज उतरवून दिलं नव्हतं, अंगापासून कापून काढलं होतं. सोडिअमचंही तसंच आहे. देणं महागात पडतं.

किती महागात? एक मोल (अणू मोजायचं रसायनशास्त्रातलं ठरावीक माप) सोडिअम अणूंपासून, वायुरूपात, एकेक इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते. क्लोरीनच्या अणूंना ते इलेक्ट्रॉन दिल्यावर ३४९ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे नुसत्या देण्या-घेण्यात १४७ किलोज्यूलचा तोटा. सोडिअम 'आनंदाने' देत असता तर हा हिशोब नफ्यात यायला हवा होता.

शिवाय आधीचा खर्च वेगळा. सोडिअम धातूतून सुटे अणू मिळवायला सुमारे १०८ किलोज्यूल, क्लोरीनचे रेणू फोडून एक मोल सुटे अणू करायला सुमारे १२२. एकूण खर्च १०८ + १२२ + ४९६ − ३४९ = ३७७ किलोज्यूल. इथपर्यंत सगळा आतबट्ट्याचा व्यवहार.

आता सुटे आयन एकत्र येऊन स्फटिक रचतात तेव्हा काय होतं ते बघा. त्या एका टप्प्यात सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. हिला जालक ऊर्जा म्हणतात. ७८७ मधून ३७७ वजा केले की ४१० किलोज्यूल निव्वळ नफा, आणि प्रत्यक्ष मोजलं तरी एक मोल मीठ तयार होताना जवळपास तेवढीच, म्हणजे ४११ किलोज्यूल ऊर्जा मिळते. हा हिशोब मांडायची रीत माक्स बोर्न आणि फ्रिट्झ हाबर यांच्या नावाने ओळखली जाते, साल १९१९. ईप्रच्या क्लोरीन हल्ल्याची आखणी करणारा हाबर तो हाच.

तेव्हा मीठ तयार होतं ते अष्टकाच्या हौसेपोटी नाही. आयनांच्या गर्दीतल्या आकर्षणातून सगळा खर्च भरून निघतो आणि वर शिल्लक राहते म्हणून. अष्टकाचा नियम लक्षात ठेवायला उत्तम आहे, कारण म्हणून तो कच्चा आहे.

मग सोडिअम दोन इलेक्ट्रॉन का देत नाही? आकर्षण दुप्पट होईल की!

विचार योग्य दिशेने चालला आहे, हिशोब मात्र जमत नाही. पहिल्या इलेक्ट्रॉनला ४९६ किलोज्यूल लागतात, दुसऱ्याला ४५६२. तो आतल्या, केंद्रकाजवळच्या भरलेल्या कवचातून उपटावा लागतो. एवढा खर्च कुठलीही जालक ऊर्जा भरून देत नाही.

मॅग्नेशिअमचं तसं नाही. त्याचे दोन्ही इलेक्ट्रॉन बाहेरच्याच कवचात असतात आणि दोन्ही मिळून २१८९ किलोज्यूलमध्ये निघतात. ऑक्सिजनला दुसरा इलेक्ट्रॉन तर अक्षरशः कोंबावा लागतो, त्यालाही ऊर्जा मोजावी लागते. तरीही मॅग्नेशिअम ऑक्साइड बनतं, कारण दोन-दोन प्रभारांच्या आयनांचं आकर्षण इतकं जबर की जालक ऊर्जा ३८०० किलोज्यूलच्या घरात जाते. मॅग्नेशिअमची फीत जळताना जो डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडतो, तो याच नफ्याचा भाग. या ऑक्साइडचा द्रवणांक सुमारे २८५० अंश सेल्सिअस आहे. पोलादाच्या भट्ट्यांना आतून ज्या विटा लावतात, त्यांत ते वापरतात.

मिठाचा एक रेणू कसा दिसतो?

मिठाच्या खड्यात रेणू नसतोच. हे ऐकून अस्वस्थ वाटलं तर तुम्ही एकटे नाही. मोठमोठ्या रसायनतज्ज्ञांना हे पचलं नव्हतं.

१९१३ मध्ये विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्यांचा मुलगा विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाच्या स्फटिकाची आतली मांडणी शोधली. १९१५ मध्ये बापलेकांना मिळून नोबेल मिळालं; मुलगा तेव्हा २५ वर्षांचा होता. त्यांना दिसलं ते असं : बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी, पण तिन्ही दिशांना. एका सोडिअम आयनाच्या भोवती सहा क्लोराइड (पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली) आणि प्रत्येक क्लोराइडभोवती तसेच सहा सोडिअम. 'हा सोडिअम या क्लोराइडचा' असं बोट ठेवून सांगता येईल अशी जोडी कुठेच नाही.

१९२७ मध्ये हेन्री आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने 'नेचर' या नियतकालिकात पत्र लिहून या कल्पनेची यथेच्छ खिल्ली उडवली. पत्राचं शीर्षकच 'बिच्चारं साधं मीठ!' अशा अर्थाचं होतं. रेणूशिवाय संयुग ही गोष्ट त्यांच्या दृष्टीने सामान्य ज्ञानाचा अपमान होती. मला या आजोबांबद्दल सहानुभूती वाटते. आयुष्यभर 'संयुग म्हणजे रेणू' असं शिकवल्यावर कुणी येऊन सांगतं की अख्खा खडाच एक सलग रचना आहे, तेव्हा चिडचिड होणारच.

आकारमानाची कल्पना यावी म्हणून : बारीक मिठाचा ०.३ मिलिमीटरचा एक कण घेतला तर त्याच्या एका कडेवर साधारण १० लाख आयन ओळीने बसतात. कडेवर १० लाख, म्हणजे अख्ख्या कणात १० लाख × १० लाख × १० लाख. मिठाचं सूत्र आपण 'एक सोडिअम, एक क्लोरीन' असं लिहितो ते फक्त प्रमाण असतं, रेणूचं चित्र नव्हे. मीठ उकळून त्याची वाफ केली तर मात्र त्या वाफेत सोडिअम-क्लोराइडच्या सुट्या जोड्या मिळतात. त्यासाठी १४०० अंशांच्या पुढे जावं लागतं, तेव्हा स्वयंपाकघरात ही भेट होणे नाही.

कॅल्शिअम क्लोराइडमध्ये क्लोरीन दोन, पण कळीच्या चुन्यात (कॅल्शिअम ऑक्साइड) ऑक्सिजन एकच. हे कसं ठरतं?

प्रभारांची बेरीज शून्य यायला हवी, एवढंच. कॅल्शिअम आयनावर दोन धनप्रभार. क्लोराइडवर एकच ऋण, म्हणून दोन लागतात. ऑक्साइडवर दोन ऋण, म्हणून एक पुरतो. अॅल्युमिनिअमवर तीन, ऑक्साइडवर दोन. लसावि सहा, म्हणून दोन अॅल्युमिनिअमला तीन ऑक्साइड. पुस्तकातली तिरकस गुणाकाराची पद्धत हेच करते. फक्त शेवटी भागायला विसरू नका : कळीच्या चुन्याचं सूत्र 'दोन कॅल्शिअम, दोन ऑक्सिजन' असं लिहून आलेल्या उत्तरपत्रिका मी पोत्याने तपासल्या आहेत.

धातू आणि अधातू एकत्र आले की बंध आयनिकच, हे पक्कं समजायचं का?

शाळेपुरतं चालेल, निसर्गात चालत नाही.

टायटॅनिअम हा धातू, क्लोरीन अधातू. एका टायटॅनिअमला चार क्लोरीन जोडले की मिळणारं संयुग मिठासारखा खडा असायला हवं. प्रत्यक्षात तो एक द्रव असतो, १३६ अंशांना उकळतो आणि दमट हवेत धूर सोडतो. कथिलाचं तसंच संयुगही द्रवरूपच. दोन्हींत बंध सहसंयुज आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन दिलेला नाही, सामायिक केलेला आहे.

अॅल्युमिनिअमची जोडी तर मजेशीर आहे. त्याचं फ्लुओराइड तापवलं तर जवळपास १३०० अंशांपर्यंत दाद देत नाही. क्लोराइड मात्र सुमारे १८० अंशांनाच थेट वाफ होऊन उडून जातं. धातू तोच, मग फरक कशाने पडला? काझिमीर फायान्स या रसायनतज्ज्ञाने १९२३ मध्ये याचं सूत्र मांडलं. धन आयन जितका लहान आणि जास्त प्रभाराचा, तितका तो शेजारच्या ऋण आयनाचा इलेक्ट्रॉन-ढग आपल्याकडे खेचतो; आणि ऋण आयन जितका मोठा, तितका त्याचा ढग सैल आणि खेचायला सोपा. फ्लुओराइड लहान आणि घट्ट, त्याचा ढग जागचा हलत नाही. क्लोराइड त्याहून बराच मोठा. त्याचा ढग इतका ओढला जातो की तो आता कुणाचा हेच ठरवता येत नाही, आणि 'दिला' याचं 'वाटून घेतला' होतं.

अकरावीत विद्युत-ऋणतेतला (बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढायच्या क्षमतेतला) फरक १.७ पेक्षा जास्त असेल तर आयनिक, असा ठोकताळा देतात. तो ठोकताळाच आहे. हायड्रोजन आणि फ्लुओरीन यांच्यातला फरक १.७८ भरतो, तरी हायड्रोजन फ्लुओराइडचा रेणू सहसंयुजच. शंभर टक्के आयनिक आणि शंभर टक्के सहसंयुज ही रस्त्याची दोन टोकं आहेत आणि बहुतेक संयुगांची घरं मध्ये कुठेतरी आहेत. सोडिअम क्लोराइडचं घर आयनिक टोकाच्या अगदी जवळ, म्हणून तर सगळे शिक्षक तेच उदाहरण देतात.

धातूच नाही, तरी आयनिक संयुग, असं होऊ शकतं का?

होतं. आणि ते तुमच्या आजीने पाहिलेलं आहे : नवसागर. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारा कथील लावण्याआधी तापल्या भांड्यात जी पांढरी पूड टाकून कापसाच्या बोळ्याने फिरवायचा आणि ज्याचा पांढरा धूर गल्लीभर पसरायचा, ती पूड म्हणजे अमोनिअम क्लोराइड. त्यात नायट्रोजन, हायड्रोजन आणि क्लोरीन, तिन्ही अधातू. पण एक नायट्रोजन आणि चार हायड्रोजन मिळून एका धनप्रभाराचा अमोनिअम आयन बनतो आणि तो क्लोराइडशी मिठासारखाच बांधला जातो. अमोनिअमच्या आत मात्र बंध सहसंयुज. एकाच पुडीत दोन्ही प्रकार नांदतात. तापल्यावर नवसागर फुटतो, त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि तो भांड्यावरचा ऑक्साइडचा थर खाऊन पृष्ठभाग स्वच्छ करतो. कल्हई धरते ती त्यामुळे.

चुनखडी, तुरटी, सोरा, मोरचूद या सगळ्यांतही हीच दुहेरी रचना आहे : कार्बोनेट, सल्फेट, नायट्रेट ही मूलकं (प्रभार असलेले अणूंचे गट) आतून सहसंयुज आणि धातूच्या आयनाशी त्यांचं नातं आयनिक.

खडेमीठ बत्त्याने ठेचलं तर फुटतं, पण तांब्याची तार ठोकली तर चपटी होते. असं का?

मिठात धन-ऋण-धन-ऋण अशी ओळ असते. ठोका बसला की एक थर शेजारच्या थरावरून एक घर सरकतो. आता धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण. क्षणापूर्वी एकमेकांना धरून ठेवणारे थर एकमेकांना ढकलायला लागतात आणि खडा फुटतो. म्हणून तो फुटतोही सपाट पृष्ठभागांवर. भिंगाखाली बघा, तुकड्यांना काटकोन दिसतात. तांब्यात थर कितीही सरकले तरी मोकळे इलेक्ट्रॉन सगळीकडे असतात आणि सरकलेल्या थरांना ते तिथेही सांधून धरतात.

मीठ वितळवायला ८०१ अंश लागतात, मग ते साध्या पाण्यात लगेच कसं विरघळतं?

माझ्या मते या धड्यातला हा सर्वांत चांगला प्रश्न आहे, आणि तो परीक्षेत क्वचितच येतो.

विरघळताना आयन नुसते सुटे होत नाहीत. त्यांना नवे सोबती मिळतात. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनकडची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनकडची किंचित धन असते. सोडिअम आयनाभोवती पाण्याचे रेणू ऑक्सिजन आत करून जमतात, क्लोराइडभोवती हायड्रोजन आत करून. खड्याच्या कोपऱ्यापासून एकेक आयन असा वेढला जातो आणि अलगद निघतो. जालक मोडायला जेवढी ऊर्जा लागते, जवळपास तेवढीच या वेढ्यातून परत मिळते. एका मोलमागे जेमतेम ४ किलोज्यूल कमी पडतात आणि ते पाण्याच्या उष्णतेतून घेतले जातात. म्हणूनच भरपूर मीठ विरघळवलं की पाणी किंचित गार होतं.

वितळवताना असा सोबती कुणी नसतो. तिथे केवळ उष्णतेच्या जोरावर आयनांना जागेवरून हलवायचं असतं, म्हणून ८०१.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते, जी मला स्वयंपाकघरात उभं राहून पडताळायला आवडते. १०० मिलिलिटर पाण्यात २५ अंशांना सुमारे ३६ ग्रॅम मीठ मावतं आणि उकळत्या पाण्यात सुमारे ३९. तापवून फारसा फायदा नाही. साखरेचा पाक करताना याच्या अगदी उलट अनुभव येतो.

म्हणजे सगळी आयनिक संयुगं पाण्यात विरघळतात?

नाही. नाहीतर पृथ्वीवर कुठेच चुनखडीचे डोंगर उरले नसते. कॅल्शिअम आणि कार्बोनेट, दोघांवर दोन-दोन प्रभार. पाण्याच्या वेढ्याला ते सहज बधत नाहीत. विरलेल्या चुन्याची निवळी हे मधलं उदाहरण : लिटरभर पाण्यात जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम विरघळतो. त्या निवळीत फुंकर मारली की श्वासातला कार्बन डायऑक्साइड आत जातो, कॅल्शिअम कार्बोनेट बनतं आणि निवळी दुधी होते. घरी सहज करता येईल असा प्रयोग, फक्त नळीतून निवळी तोंडात ओढू नका.

कोरड्या मिठातून वीज जात नाही, मिठाच्या पाण्यातून जाते. आयन तर दोन्हीकडे आहेत!

आहेत, पण कोरड्या खड्यात जागेला खिळलेले आहेत. प्रभार असून उपयोग नाही, तो वाहून न्यायला हलता यायला हवं. पाण्यात किंवा वितळल्यावर आयन मोकळे होतात, धन आयन ऋणाग्राकडे आणि ऋण आयन धनाग्राकडे जातात. १८३४ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी वापरात आणलेल्या 'आयन' या ग्रीक शब्दाचा अर्थच 'जाणारा'.

फॅरेडे यांना वाटत होतं की वीज सोडल्यामुळे आयन तयार होतात. मीठ पाण्यात पडताक्षणीच आयन सुटे होतात, वीज असो वा नसो, हे स्वान्ते अऱ्हेनिअस यांनी पुढे पुढे ठामपणे मांडलं. १८८४ च्या त्यांच्या प्रबंधाला उप्साला विद्यापीठाने अगदी खालची श्रेणी दिली होती. १९०३ मध्ये त्याच दिशेच्या कामाला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

वितळलेल्या क्षारातून वीज सोडण्याची युक्ती त्याआधीची. हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून सोडिअम पहिल्यांदा सुटा केला. म्हणजे कर्णाला त्याचं कवच परत दिलं, आणि ते विजेने जबरदस्तीनेच द्यावं लागलं.

घरी करून बघायचं असेल तर ९ व्होल्टची बॅटरी, एक लहान एलईडी आणि तिच्यासाठी एक रोधक पुरे. घराच्या प्लगची वीज कधीच वापरू नका. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की एका टोकाशी थोडा क्लोरीन सुटतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि प्रयोग मिनिटभरात आटपा.

पावसाळ्यात मिठाला पाणी का सुटतं? आयनिक बंध ढिले होतात का?

शुद्ध सोडिअम क्लोराइड हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढू लागतं. जुलैत कोकणात आणि मुंबईत ही मर्यादा रोजच ओलांडली जाते. शिवाय खडेमिठात मॅग्नेशिअम क्लोराइडचा अंश असतो आणि ते याहून कितीतरी कोरड्या हवेतही पाणी खेचतं, कारण मॅग्नेशिअम आयन लहान, प्रभार दोन, पाण्याच्या रेणूंवर त्याची पकड घट्ट. ढिलं काही होत नाही. खड्याच्या पृष्ठभागावरचे आयन त्या पाण्यात विरघळू लागतात इतकंच. मीठदाणीत तांदळाचे दाणे टाकायची पद्धत आहे ती दाण्यांनी ओल शोषावी म्हणून.

हे मॅग्नेशिअम मिठात येतं कुठून?

समुद्रातून. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग सोडिअम क्लोराइड. बाकी मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, पोटॅशिअम, सल्फेट वगैरे. भरतीचं पाणी आत घेऊन ते एका उथळ वाफ्यातून दुसऱ्यात असं फिरवत आटवतात, ती मिठागरं पेण-उरणकडे, वसई-पालघरकडे, शिरोड्याला आणि गोव्यात पेडण्याच्या आगरवाड्याला पाहायला मिळतात. आगरी समाजाचं नाव याच 'आगरा'शी जोडलं जातं.

पाणी का फिरवायचं, एकाच वाफ्यात का आटवायचं नाही? याचं उत्तर आयनांच्या स्वभावात आहे. पाणी आटू लागलं की आधी कॅल्शिअम कार्बोनेट खाली बसतं, मग कॅल्शिअम सल्फेट, म्हणजे जिप्सम. मूळच्या पाण्याचा साधारण दहावा हिस्सा उरतो तेव्हा मिठाचे स्फटिक धरू लागतात. मॅग्नेशिअम सगळ्यात शेवटपर्यंत पाण्यातच राहतं. म्हणून शेवटचं कडवट पाणी वेळेवर काढून टाकायचं असतं. ते जास्त वेळ राहिलं तर मीठ कडसर होतं आणि पावसाळ्यात लवकर पाझरतं. कोणते आयन कधी एकमेकांना धरतात याचं हे ज्ञान मिठागरात काम करणाऱ्यांकडे आवर्तसारणीच्या कितीतरी आधीपासून आहे.

शेंदेलोण, पादेलोण, खडेमीठ, आयोडीनयुक्त मीठ : बंध वेगळे असतात का?

नाही. चारही मुख्यतः सोडिअम क्लोराइडच, बंध तोच. शेंदेलोणाची गुलाबी झाक लोहाच्या ऑक्साइडमुळे येते, पादेलोणाचा वास गंधकाच्या संयुगांमुळे. आयोडीनयुक्त मिठात आपल्याकडे पोटॅशिअम आयोडेट मिसळतात, तेही आयनिकच. प्रमाण ग्राहकाच्या हाती पडताना दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन. 'गुलाबी मिठात सोडिअम नसतं' असं सांगत फिरणारे संदेश खोटे आहेत; रक्तदाबाच्या रुग्णांनी तर त्यावर अजिबात विसंबू नये.

मोरचूद निळं, मग तापवल्यावर पांढरं का पडतं?

मोरचुदात तांब्याच्या प्रत्येक आयनामागे पाण्याचे पाच रेणू स्फटिकातच बसलेले असतात. निळा रंग दिसतो तो तांब्याच्या आयनाला पाण्याने वेढल्यामुळे. तापवलं की पाणी निघून जातं आणि उरतं पांढरं कॉपर सल्फेट. थेंबभर पाणी टाका, निळाई परत येते. द्राक्षबागेत केवडा रोगावर फवारायचं बोर्डो मिश्रण मोरचूद आणि चुन्याचं असतं, तिथेही काम करतो तो तांब्याचा आयन. मोरचूद विषारी आहे, प्रयोगानंतर हात धुवा.

परीक्षेत ठिपके-फुलीची आकृती काढताना गुण कुठे जातात?

तीन ठिकाणी. आयनाभोवती चौकटी कंस न काढणं. कंसाबाहेर उजव्या कोपऱ्यात प्रभार न लिहिणं. आणि सोडिअम-क्लोरीनच्या मध्ये रेघ ओढणं; ती रेघ सहसंयुज बंधाची खूण आहे, इथे ती चालत नाही. व्याख्या विचारली तर 'देवाणघेवाण' शब्द टाळा आणि 'विरुद्ध प्रभार असलेल्या आयनांमधील स्थितिक विद्युत आकर्षण बल' हे शब्द लिहा. 'कारणे द्या' मध्ये द्रवणांक आला तर याच आकर्षणापासून सुरुवात करा, ठिसूळपणा आला तर सरकणाऱ्या थरांची छोटी आकृती काढा. ती काढायला अर्धा मिनिट लागतो.